१९६६ च्या मस्टँगला पुढे डिस्क ब्रेक बसवावेत का, आणि सुरुवात कुठून करावी?

धरमपेठ_६६ यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी १९६६ सालची फोर्ड मस्टँग कूपे आहे. इंजिन २८९ घनइंचाचे व्ही-८, स्टिअरिंग डावीकडे, चाकांना पाच बोल्ट आणि रिम चौदा इंची. चारही चाकांना मूळचे ड्रम ब्रेक आहेत आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) एकाच कप्प्याचा आहे, म्हणजे चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचा एकच मार्ग. गाडी रोजच्या वापरात नाही. रविवारी सकाळी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत आणि अधूनमधून रामटेकला, एवढेच तिचे फिरणे असते.

अडचण अशी आहे की रामटेकच्या गडावरून उतरताना दोन-तीन वेळा जोरात ब्रेक लावावा लागला, तर त्यानंतर पेडल पायाखाली घट्टच राहते, परंतु गाडी थांबायला नेहमीपेक्षा बरेच जास्त अंतर घेते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर पहिल्या ब्रेकला गाडी डावीकडे ओढते. रिंग रोडवर समोरची रिक्षा अचानक थांबली, तर आपली गाडी वेळेत थांबेलच याची खात्री आता वाटत नाही.

मला तीन वेगवेगळे सल्ले मिळाले आहेत. पहिला, परदेशातून पुढच्या डिस्कचे पूर्ण किट मागवावे. दुसरा सल्ला शहरातल्याच एका कारागिराचा आहे. त्यांच्या मते पहिल्या पिढीच्या इनोव्हाच्या पाच बोल्टचे वर्तुळ आणि मस्टँगचे वर्तुळ सारखेच असल्यामुळे तिची डिस्क व कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणारा भाग) घेऊन, स्टब अॅक्सलला (पुढचे चाक ज्यावर फिरते त्या भागाला) लोखंडी पट्टी वेल्ड करून काम भागेल. तिसरा, ड्रम तसेच ठेवून केवळ चांगले लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) लावावेत. घरातील ज्येष्ठांची इच्छा गाडीचे मूळ रूप टिकावे अशी आहे आणि मलाही ते मान्य आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आरटीओच्या दृष्टीने या बदलाला काही अडचण येते का, हेही कळले तर बरे होईल.

हिंगणा_वर्कशॉप यांचे उत्तर

भाऊ, तुमच्या वर्णनात दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत. पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही, याचा अर्थ ऑइलचा दाब चाकापर्यंत नीट पोहोचतो आहे, मात्र तापलेल्या लायनरची पकड कमी झाली आहे. यालाच आपण ब्रेक फेड होणे म्हणतो. पेडल खोल जात असते, तर ऑइल उकळले, पाइपमध्ये हवा शिरली किंवा ड्रम तापून फुगला, अशी शंका घेतली असती.

ही उष्णता किती असते याचा अंदाज घ्या. सुमारे १,३०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवताना ब्रेकना जवळपास १ लाख ८० हजार ज्यूल उष्णता पोटात घ्यावी लागते. हीच गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना आकडा ५ लाखांवर जातो, कारण वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा वाढते. तुमच्या गाडीचे पुढचे ड्रम १० इंच व्यासाचे आणि सव्वादोन इंच रुंदीच्या लायनरचे आहेत. एका थांब्यासाठी ते पुरेसे आहेत, पण उतारावर लागोपाठ ब्रेक लागले की उष्णता बंद ड्रमच्या आत कोंडून राहते. डिस्क उघडी असते आणि तिच्या दोन पृष्ठभागांमधल्या पोकळीतून हवा खेळत राहते, म्हणून ती दोन थांब्यांच्या मधल्या वेळात पुष्कळ निवते.

ड्रमचा आणखी एक स्वभाव लक्षात घ्यायला हवा. फिरणारा ड्रम पुढच्या शूला, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानीला, आपल्याबरोबर ओढतो, तो शू मागच्या शूला ढकलतो आणि त्यामुळे पायाने दिलेला जोर ड्रमच्या आतच कितीतरी वाढतो. बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा जोडभाग, नसतानाही ही गाडी हलक्या पायाने थांबत असे, त्याचे श्रेय या रचनेला आहे. परंतु लायनरची पकड थोडी घटली की ही वाढ त्याहून अधिक वेगाने घटते, म्हणून फेड एकाएकी जाणवतो, आणि डाव्या-उजव्या चाकांत किंचित फरक पडला तरी गाडी ओढू लागते.

तेव्हा खरेदीचा विचार करण्याआधी पुढचे दोन्ही ड्रम उघडा. गाडी डावीकडे ओढते त्या अर्थी बहुधा उजवे चाक कमी पकडत आहे, म्हणून सुरुवात उजव्या बाजूने करा. व्हील सिलिंडरचे, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणाऱ्या चाकातल्या सिलिंडरचे, रबर झिरपत असेल तर लायनरवर ऑइलचा ओला डाग दिसेल. तसे लायनर धुऊन पुन्हा वापरण्याच्या फंदात पडू नका, दोन्ही बाजूंचे बदला. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे. त्यामुळे हवेच्या पाइपने धूळ उडवू नका, मास्क लावा आणि ती धूळ ओल्या फडक्यानेच टिपून घ्या. या गाडीचे अॅडजस्टर, म्हणजे शू आणि ड्रममधले अंतर राखणारे स्क्रू, आपोआप जुळणारे आहेत, पण ते रिव्हर्समध्ये ब्रेक लावल्यावरच काम करतात. क्वचित चालणाऱ्या आणि रिव्हर्समध्ये फारशा न जाणाऱ्या गाडीत ते जागच्या जागी अडकून बसतात. शिवाय डाव्या आणि उजव्या अॅडजस्टरचे आटे उलट दिशांचे असतात. पूर्वी कोणी त्यांची अदलाबदल करून बसवले असतील, तर ते शू ड्रमजवळ आणण्याऐवजी दूर नेत राहतील. ड्रम लेथवर घासून घ्यायचा असेल तर आतला व्यास १०.०६० इंचांच्या पुढे जाऊ देऊ नका.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुमच्या गाडीचा खरा धोका ड्रम हा नसून एकेरी मास्टर सिलिंडर हा आहे. मागच्या चाकाचा साठ वर्षांचा एक पाइप गंजून फुटला किंवा एक होज पाइप फाटला, तर चारही चाकांचे ब्रेक एकाच क्षणी जातील आणि हातात केवळ हँडब्रेक उरेल. फोर्डने १९६७ च्या मॉडेलपासून मस्टँगला दुहेरी मास्टर सिलिंडर दिला, ज्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग वेगळे असतात. अमेरिकेच्या १०५ क्रमांकाच्या संघीय सुरक्षा मानकाने १ जानेवारी १९६८ पासून प्रवासी गाड्यांना अशी विभागणी बंधनकारक केली. चारही चाकांना ड्रम असलेल्या १९६७ च्या मस्टँगचा दुहेरी मास्टर सिलिंडर तुमच्या गाडीच्या फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) त्याच दोन बोल्टवर बसतो. पाइपची जोडणी मात्र बदलावी लागते. तुम्ही डिस्क बसवा किंवा बसवू नका, हे काम आधी करा, असा माझा आग्रह आहे.

तो बसवताना पेडलचा पुशरॉड आणि आतला पिस्टन यांच्यामध्ये अगदी थोडी मोकळीक ठेवावी लागते. ती ठेवली नाही तर पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परत जाण्याचे बारीक छिद्र बंदच राहते आणि तापून प्रसरण पावलेले ऑइल ब्रेक आपोआप लावत नेते. मेच्या उन्हात चार-पाच किलोमीटर गेल्यावर गाडी जड वाटू लागली आणि चाके तापली, तर सर्वांत आधी ही मोकळीक तपासावी.

इनोव्हाच्या डिस्कबद्दल स्पष्ट लिहितो. दोन्ही गाड्यांच्या पाच बोल्टचे वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचे आहे हे खरे आहे. पण बोल्ट जुळणे ही त्या कामातली सर्वांत सोपी बाब आहे. हबचे मधले भोक, डिस्कची खोली, कॅलिपरची जागा आणि पिस्टनचे क्षेत्रफळ यांपैकी काहीही या गाडीच्या हिशेबाने बनलेले नाही. त्याहून गंभीर मुद्दा त्या वेल्ड केलेल्या पट्टीचा आहे. टायरची पकड चांगली असताना कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक लावला, तर पुढच्या एका चाकावर साधारण साडेतीन हजार न्यूटन बल येते. टायरची त्रिज्या मोठी आणि कॅलिपर मध्याच्या जवळ असल्यामुळे कॅलिपरच्या पट्टीवर तेच बल ९ हजार न्यूटनच्या आसपास जाते, म्हणजे नऊशे किलोंहून अधिक वजनाचा झटका, आणि तो प्रत्येक ब्रेकला नव्याने बसतो. स्टब अॅक्सल घडाई केलेल्या पोलादाचा असतो. त्यावर वेल्डिंग केले की उष्णतेने त्या जागेचा धातू ठिसूळ होतो आणि तडा कधी जाईल हे बाहेरून दिसत नाही. आपल्या शहरातल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण माझे आयुष्य त्यांच्यातच गेले आहे. तरीही हे काम कोणीही करू नये आणि कोणाकडून करवूनही घेऊ नये.

किट घ्यायचे ठरले, तर मूळ रूप टिकवण्याच्या तुमच्या इच्छेशी जुळणारा मार्ग उपलब्ध आहे. १९६५ पासून फोर्ड या गाडीला पुढचे डिस्क ब्रेक जास्तीचे पैसे घेऊन देत असे. ते केल्सी-हेज बनावटीचे, चार पिस्टनच्या स्थिर कॅलिपरचे होते आणि डिस्क सुमारे सव्वाअकरा इंचांची होती. १९६५ च्या शेल्बी जीटी-३५० ला पुढे याच जातीचे ब्रेक होते. त्याच रचनेवर आधारलेली किट आजही बनतात. असे किट बसवले तर तुमच्या गाडीवर तिच्याच काळातला आणि तिच्याच कारखान्याने दिलेला भाग येईल. १९६८ पासून आलेला एका पिस्टनचा सरकता कॅलिपर देखभालीला सोपा आहे, पण तुमच्या घरातली मंडळी पहिल्या पर्यायाने अधिक समाधानी होतील असे वाटते.

सिव्हिल_लाइन्स_वाचक यांचे उत्तर

आरटीओविषयी तेवढे सांगतो. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, असे तिचे स्वरूप आहे. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट त्यात आहे. ब्रेकचा उल्लेख या यादीत नाही. तरीही मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील बदलांविषयी असल्यामुळे, काम करण्याआधी आपल्या नोंदणीच्या कार्यालयात, म्हणजे गाडी एमएच-३१ असो वा एमएच-४९, लेखी अर्ज देऊन उत्तर घेऊन ठेवावे आणि विमा कंपनीलाही पत्राने कळवावे. काढलेले ड्रम, बॅकप्लेट, शू आणि जुना मास्टर सिलिंडर तेल लावून, नीट बांधून जपून ठेवावेत. गाडी पुन्हा मूळ स्थितीत नेता येते हे दाखवता आले, तर तपासणीच्या वेळीही आणि पुढे कधी विकण्याच्या वेळीही त्याचा उपयोग होतो.

व्हिंटेज नोंदणी घेतलेली गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यांसाठीच ती काढता येते, हे तुमच्या रविवारच्या फेऱ्यांच्या दृष्टीने आधीच विचारात घ्यावे.

अमरावती_कूपे यांचे उत्तर

माझ्याकडे याच पिढीची गाडी आहे आणि तिला मी पुढे चार पिस्टनचे डिस्क बसवून घेतले आहेत. चिखलदऱ्याचा घाट उतरताना फरक कळतो. खाली पोहोचेपर्यंत ब्रेकचा गुण बदलत नाही आणि पावसात पहिल्या ब्रेकला गाडी ओढत नाही. वर्कशॉपवाल्या भाऊंनी सांगितलेल्या गोष्टींत दोन-तीन मुद्द्यांची भर घालतो.

पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी जोडी झाली की मागच्या चाकांचा दाब आवरावा लागतो. जोरात ब्रेक लागला की गाडीचे वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात आणि ती पुढच्यांच्या आधी जाम झाली तर गाडीचा मागचा भाग फिरतो. मागच्या पाइपमध्ये प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवणे त्यासाठी आवश्यक आहे. फिरवून कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह घेतला तर मोकळ्या, सरळ आणि कोरड्या रस्त्यावर कमी वेगाने ब्रेक लावून तो जुळवता येतो. बाहेर उभा राहिलेला जाणकार माणूस कोणती चाके आधी थांबतात हे पाहील आणि पुढचीच आधी थांबतील अशा बेताने तो व्हॉल्व्ह ठेवावा. हे काम समृद्धी महामार्गावर किंवा वाहत्या रस्त्यावर करण्याचा विचारही मनात आणू नये.

दुसरा मुद्दा जुन्या मास्टर सिलिंडरमधल्या रेसिड्युअल व्हॉल्व्हचा. ड्रमच्या व्हील सिलिंडरचे रबर कपच्या कडा सिलिंडरला दाबून राहाव्यात म्हणून पाइपमध्ये सुमारे १० पीएसआय दाब राखला जातो. हाच दाब डिस्कच्या मार्गात राहिला तर पॅड सतत घासत राहतात, डिस्क तापते आणि पॅड लवकर संपतात. म्हणून डिस्क आणि ड्रम अशा जोडीसाठीच बनलेला मास्टर सिलिंडर घ्यावा. डिस्कचे पॅड झिजत जातात तसतसे कॅलिपरमध्ये अधिक ऑइल उतरते आणि त्यासाठी अशा सिलिंडरचा एक कप्पा मोठा केलेला असतो.

तिसरी गोष्ट चाकांची. ड्रमवर बसणारे प्रत्येक चौदा इंची रिम चार पिस्टनच्या कॅलिपरवरून फिरतेच असे नाही. किटची मागणी नोंदवण्याआधी विक्रेत्याकडून कागदी साचा मागवावा, तो पुठ्ठ्यावर कापून रिमच्या आत धरून पाहावा आणि मगच पैसे पाठवावेत.

धरमपेठ_६६

सर्वांचे मनापासून आभार. आज उजवा ड्रम उघडून पाहिला. व्हील सिलिंडर झिरपत होता आणि लायनरचा खालचा भाग ओला होता. अॅडजस्टरही गंजून घट्ट बसलेला आहे. मास्टर सिलिंडर आधी बदलण्याचे पक्के केले आहे आणि त्यानंतर डिस्कचे किट मागवीन. आणखी दोन शंका आहेत. डिस्क बसवल्यावर बूस्टर लावणे आवश्यक आहे का? आणि नागपूरच्या उन्हाळ्यासाठी कोणते ब्रेक ऑइल वापरावे, कारण इथले काही जण सिलिकॉनचे ऑइल घ्या असे सुचवतात?

हिंगणा_वर्कशॉप

बूस्टर आवश्यक नाही. १९६५ मध्ये कारखान्याने दिलेल्या डिस्कलाही बूस्टर नव्हता. मात्र डिस्कमध्ये ड्रमसारखा जोर आपोआप वाढत नसल्यामुळे पाय अधिक दाबावा लागतो, हे पहिल्या दिवसापासून मनाशी धरावे. तो जोर काही प्रमाणात मास्टर सिलिंडरच्या व्यासावरून जुळवता येतो. एक इंचाऐवजी पंधरा-सोळांश इंच व्यासाचा सिलिंडर घेतला, तर त्याच पायाच्या जोराने ऑइलचा दाब सुमारे १४ टक्के अधिक मिळतो आणि पेडल त्याच प्रमाणात अधिक खोल जाते. बूस्टर लावायचाच ठरला, तर पेडलचे गुणोत्तर बदलावे लागते. बूस्टर नसताना ते साधारण सहास एक असते, बूस्टर असताना चारास एक. ते न बदलता नुसता बूस्टर जोडला की ब्रेक इतका हलका होतो की पायाला अंदाजच राहत नाही. घरातल्या ज्येष्ठांना स्वतः गाडी चालवायची असेल तर बूस्टरचा विचार जरूर करावा, एरवी साधी रचना ठेवावी.

ऑइलबाबत आपल्याकडे सारा दोष उन्हाळ्यावर घातला जातो. खरे पाहता बाहेरच्या पंचेचाळीस अंशांनी ब्रेक ऑइलला फारसे काही होत नाही. त्याचे नुकसान पावसाळ्यात होते, कारण नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ब्रेक ऑइलच्या डॉट या प्रतवारीतल्या डॉट ३ चा ताजेपणीचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस आहे आणि ओल शोषल्यानंतरचा १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तुम्ही सीलबंद डब्यातले डॉट ४ घाला आणि दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, पूर्ण बदला. उघडा राहिलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. सिलिकॉनचे डॉट ५ ओल शोषत नाही आणि रंगावर सांडले तरी रंग उखडत नाही, म्हणून केवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी काही जण ते पसंत करतात. पण ते इतर ऑइलमध्ये मिसळून चालत नाही, त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून पेडल मऊ लागते आणि आत शिरलेले पाणी एका जागी साचून तिथेच गंज धरते. तुमची गाडी चालती आहे, त्यामुळे मी ते सुचवणार नाही.

पाइपचे काम आपल्याच शहरात उत्तम होईल, पण काम देताना एक गोष्ट समोर उभे राहून सांगा. तुमच्या गाडीचा ब्रेक पाइप तीन-सोळांश इंचांचा आहे आणि इथे सहज मिळणारा ४.७५ मिलिमीटरचा पोलादी पाइप त्याला चालतो, परंतु नट मात्र चालत नाहीत. या गाडीचे नट तीन-अष्टमांश इंचाचे, इंचाला चोवीस आट्यांचे आहेत आणि पाइपचे तोंड ४५ अंशांच्या दुहेरी फ्लेअरचे, म्हणजे दुमडून पसरवलेल्या दुपदरी कडेचे, आहे. आपल्याकडच्या गाड्यांचे १० मिलिमीटरचे नट जवळपास तेवढेच दिसतात. ते जबरदस्तीने पिळून बसवले तर नव्या सिलिंडरचे आटे जातात आणि गळती सुरू होते. एकेरी फ्लेअर, तांब्याचा साधा पाइप आणि मध्ये जोड देण्यासाठी वापरायचे कॉम्प्रेशन फिटिंग या तीनही गोष्टींना ठाम नकार द्या.

नवा मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी बाकावर शिकंज्यात धरून त्यातली हवा काढून घ्या. मग सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे तुमच्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्या उजव्या चाकापासून, ब्लीडिंग, म्हणजे पाइपमधली हवा काढणे, सुरू करा. पुढच्या हबचे बेअरिंग ग्रीस भरून नीट जुळवा आणि कॉटर पिन नवीनच लावा. बेअरिंग सैल राहिले तर डिस्क डुलते, पॅड मागे ढकलले जातात आणि पुढच्या ब्रेकला पेडल पहिल्या दाबात खोल जाते. नवे पॅड बसले की रिकाम्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगावरून पूर्ण न थांबता, मध्यम जोराने, काही वेळा गाडी हळू करा आणि मधल्या वेळात डिस्क निवू द्या. रामटेकच्या उतारावर जाण्याआधी हे झालेले असावे. पहिल्या फेरीनंतर प्रत्येक नटाभोवती कोरडा कागद फिरवून पाहा आणि दोन्ही कप्प्यांतल्या ऑइलची पातळी पेन्सिलने खूण करून ठेवा. पुढच्या रविवारी ती खूण जागच्या जागी असेल, तरच गाडी बुटीबोरीला न्या.